छळ, गुपित आणि सूड: कुमारवयीन थरार कादंबरी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुमारवयीन थरार म्हणजे नेमकं काय? मोठ्यांच्या रहस्यकथेपेक्षा तो वेगळा कशात?

वाचक साधारण १३ ते १९ वर्षांचा, मुख्य पात्रं १५ ते १८ची. पण खरा फरक वयापेक्षा अधिकाराचा आहे. मोठ्यांच्या रहस्यकथेत शोध घेणाऱ्याच्या हातात काही ना काही असतं: वर्दी, ओळखपत्र, पैसा, गाडी. अकरावीतल्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. रात्री आठनंतर फाटकाबाहेर पडायला तिला रेक्टरची सही लागते. या अडचणी सोडवून टाकू नका, थरार त्यांच्यातूनच येतो.

या पानावर आम्ही एकच नमुना-कथानक वापरलं आहे, म्हणजे प्रत्येक मुद्दा हातात धरून बघता येईल. लातूरमधलं मुलींचं खासगी वसतिगृह, अकरावी-बारावी आणि नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) क्लासच्या मुली. वैदेही रोज जिन्याखाली उभी राहून घरी फोन करते. तिच्या साध्या फोनचा कानाचा आवाज गेलेला, म्हणून ती स्पीकरवर बोलते. फीचा हप्ता राहिलाय, कापलेल्या सोयाबीनची बनीम (ढीग) अजून मळणीची, म्हणजे राशीची, वाट बघतेय आणि वडील सांगतायत, “बनीम झाकून ठेवलीय, पाऊस उघडला की रास करू. भाव आला की विकतो, तोवर सरांना सांग.” हे कोणीतरी रेकॉर्ड करतं. दिवाळीच्या सुट्टीत ते ग्रुपवर येतं. सुट्टीनंतर मेसमध्ये सानिका नावाची मुलगी ते मोठ्याने वाजवते आणि वैदेहीचं नाव ‘सोयाबीन’ पडतं. जानेवारीत वैदेही वसतिगृह सोडते. पुढच्या वर्षी, बारावीत, तेच रेकॉर्डिंग पाच मुलींना एकेक करून यायला लागतं.

छळ आणि चेष्टा यातली रेषा कुठे आखायची?

मूळचे स्वीडनचे, नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी सांगितलेल्या तीन खुणा अजूनही सगळ्यात उपयोगी आहेत: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं, आणि दोघांच्या बळातला फरक. तिसरी खूण लेखक सर्रास विसरतात. बळ म्हणजे दंड नव्हेत. कोणाचे वडील क्लासच्या मालकाच्या ओळखीचे आहेत, कोण ‘ए’ बॅचमध्ये आहे, कोणाची मराठी ‘शुद्ध’ समजली जाते, हे सगळं बळच.

छळ दाखवताना मोठा प्रसंग एकच ठेवा आणि लहान प्रसंग दहा-बारा. नवे लेखक पहिल्याच प्रकरणात मुलीला बाथरूममध्ये कोंडतात आणि पुढे वाढवायला काही उरत नाही. ‘सोयाबीन’चंच बघा. पहिल्या दिवशी हसतात सगळ्या. चौथ्या दिवशी मेसमध्ये सोयाबीन वड्यांची भाजी होते, तेव्हा कोणी काही बोलत नाही, फक्त वाढणारी मुलगी तिच्या ताटात एक डाव जास्त टाकते. दहाव्या दिवशी वेगळ्या क्लासमधली अनोळखी मुलगी तिला त्या नावाने हाक मारते आणि त्या मुलीला हे तिचं खरं नाव नाही हे ठाऊकच नसतं. यात मारहाण नाही, शिवी नाही, रेक्टरकडे तक्रार करायला गेलं तर सांगण्यासारखं काही नाही. वाचकाला घुसमटतं ते इथे.

पात्रं किती असावीत? सगळ्या दुष्ट मुली एकसारख्याच वाटतात.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये छळाच्या प्रसंगातल्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या: छळ करणारा, त्याला हातभार लावणारा, हसून चेतवणारा, बाजूला राहणारा, मध्ये पडणारा आणि ज्याचा छळ होतो तो. प्रत्येक भूमिकेला एक पात्र दिलंत की एकसारखेपणा आपोआप जातो. आमच्या मते सगळ्यात जास्त पानं बाजूला राहणारीला द्यावीत. तिच्याकडे गुपित असतं. आणि बहुतेक वाचक शाळेत त्याच जागी उभे राहिलेले असतात.

संशयित पाचाहून जास्त नकोत. सहावं नाव आलं की वाचक मागची पानं चाळायला लागतो.

गुपित केवढं मोठं असावं? खून हवाच का?

नको. गुपिताचं वजन ते बाहेर पडल्यावर पात्राचं काय जाईल यावर ठरतं. नमुना-कथेत गुपित एवढंच: रेकॉर्डिंग सानिकाने केलंच नव्हतं. ते केलं होतं रेणुकाने, वैदेहीच्या खोलीतल्या मैत्रिणीने, आणि तीच आपली निवेदक आहे. त्या आठवड्याच्या चाचणीत वैदेही तिच्या पुढे गेली होती.

कथानक पक्कं करण्यापूर्वी प्रत्येक संशयितासमोर तीन ओळी लिहा: तिने काय केलं, ते लपवायला ती काय करते, उघड झालं तर काय गमावते. तिसरी ओळ ‘बदनामी होईल’ अशी मोघम आली तर ते पात्र अजून तयार नाही. ‘वडील क्लास बंद करून मे महिन्यात लग्न ठरवतील’ ही चालणारी ओळ आहे.

निवेदकच गुन्हेगार असेल तर वाचकाची फसवणूक होत नाही का?

तिने खोटं सांगितलं तर होते. काही सांगायचं राहू दिलं तर होत नाही. नियम साधा आहे: निवेदनातलं प्रत्येक वाक्य शेवट कळल्यानंतरही खरं ठरलं पाहिजे. संवादात ती हवं तेवढं खोटं बोलू शकते.

रेणुका दुसऱ्या प्रकरणात सांगते, “त्या रात्री माझा फोन जिन्याखालच्या बोर्डाला चार्जिंगला होता. लपवून, कारण स्मार्टफोन ठेवायची परवानगी नव्हती.” वाक्य शंभर टक्के खरं आहे. वाचक अडकतो दुसऱ्याच गोष्टीत, परवानगी नसताना फोन ठेवण्याच्या धाडसात. फोन चार्जिंगला होता आणि रेकॉर्डिंगही चालू होतं, हे त्याला तिसाव्या प्रकरणात समजतं, तेव्हा तो मागे जाऊन ते वाक्य पुन्हा वाचतो. तिथे तुम्ही जिंकलेलं असता. “मी त्या रात्री नऊलाच झोपले” असं निवेदनात लिहिलं असतं आणि ते खोटं निघालं असतं, तर त्याने पुस्तक मिटलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

धागेदोरे कसे पेरायचे? एक तर फार उघड होतात, नाहीतर कोणाच्या लक्षातच येत नाहीत.

प्रत्येक मोठ्या सत्यासाठी तीन धागे ठेवा, तीन वेगळ्या प्रकारांचे: एक वस्तू, एक बोललेलं वाक्य, एक कागद किंवा तारीख. तिन्ही एका प्रकरणात नकोत. आणि प्रत्येक धागा दुसऱ्याच कामात गुंतलेला असावा. वाचकाला तो विनोद, वर्णन किंवा भांडण वाटलं पाहिजे.

नमुना-कथेतलं सत्य: रेकॉर्डिंग सानिकाने केलं नाही.

पहिला धागा रेकॉर्डिंगमध्येच आहे. बनीम झाकलेली आहे आणि रास व्हायची आहे, म्हणजे काढणी झाली पण मळणी राहिली. हा ऑक्टोबरचा, परतीच्या पावसाचा काळ. शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकाला हे लगेच समजेल, शहरी वाचकाला नंतर एखादं पात्र सांगेल. दुसरा धागा क्लासच्या नोटीस बोर्डावर. रविवारच्या चाचण्यांच्या निकालात ऑक्टोबरमधल्या दोन चाचण्यांपुढे सानिकाच्या नावासमोर ‘अ’ आहे, गैरहजर. नवव्या प्रकरणात रेणुका ही यादी वाचते ती स्वतःचा क्रमांक शोधायला. तिसरा धागा मेसच्या मावशींचं वाक्य: “टायफॉइडवरून आली तेव्हा काय वाळली होती पोरगी, आता बघा.” तिन्ही जोडले की समजतं, त्या पंधरवड्यात सानिका गावी आजारी होती.

शेतीचा तपशील असा वापरणार असाल तर तपासून घ्या. वडील विकायला थांबलेत, तर का? २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या खाली होते. हे माहीत असलं की ‘भाव आला की विकतो’ या चार शब्दांत एका घराची सगळी ओढाताण येते, वेगळी सांगावी लागत नाही.

फोन आणि व्हॉट्सॲपमुळे रहस्य टिकतच नाही. काय करायचं?

फोन काढून टाकू नका, तो नीट समजून घ्या. सर्वाधिक चुका इथेच होतात आणि तरुण वाचक त्या पहिल्या वाचनात पकडतो.

ग्रुपवर टाकलेला मेसेज कोणी वाचला आणि कोणापर्यंत नुसता पोचला, हे पाठवणाऱ्याला मेसेजच्या माहितीत वेळेसकट दिसतं. निळ्या खुणा बंद करून ठेवल्या तरी ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत. पण ही यादी दिसते ती फक्त पाठवणाऱ्याला. आमच्या कथेत दिवाळीतला तो मेसेज ग्रुपवर सानिकानेच टाकलेला, म्हणून तिच्याकडे त्या यादीचा स्क्रीनशॉट आहे: २३ नावं, वेळेसकट, आणि खाली एकीचाही शब्द नाही. तिच्याकडे याहून मोठं हत्यार नाही.

‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण त्याने मेसेज डिलीट केल्याची ओळ मागे राहते, त्यामुळे तुमचं पात्र गुपचूप पुसतं आणि कोणाला काही कळत नाही, हे चालणार नाही. वर ज्याने आधीच ते उतरवून घेतलं असेल त्याच्याकडे ते राहतंच.

अनोळखी नंबर खरा अनोळखी नसतो. सिम कार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही, म्हणून मुलांकडचं जास्तीचं सिम बहुधा घरातल्या कोणाच्या तरी नावावर असतं. आणि ट्रूकॉलरवर दिसणारं नाव बऱ्याचदा इतरांनी आपापल्या फोनमध्ये जतन केलेलं असतं. सानिकाला पहिल्यांदा रेकॉर्डिंग ज्या नंबरवरून आलं, त्यावर नाव येतं ‘शिलाई मास्तर’. तिसऱ्या प्रकरणात रेणुका आजोबांनी शिवलेल्या ड्रेसच्या बाहीचं कौतुक करते. बस, एवढं पुरे.

सीसीटीव्ही: वसतिगृहातल्या रेकॉर्डरची जागा भरली की जुन्यावर नवं चढत जातं. ऑक्टोबरचं चित्रीकरण जानेवारीत मागायला गेलेल्या पात्राला ते मिळू देऊ नका.

सूड घेणारं पात्र वाचकाला आवडावं का?

सुरुवातीला आवडावं, मध्यावर त्याची भीती वाटावी. त्यासाठी सूड पायऱ्यापायऱ्यांनी चढवा. पहिला घाव योग्य वाटतो, दुसरा जरा जास्त, तिसऱ्यात जिचा काही संबंध नाही अशी एक मुलगी सापडते. तो तिसरा घाव साधारण अर्ध्यावर आला पाहिजे.

नमुना-कथेत सगळ्यांना वाटतं वैदेही परत येऊन सूड घेते आहे. प्रत्यक्षात पाठवणारी सानिका आहे. वाजवण्याचं पाप तिचं, पण रेकॉर्डिंगचाही आळ वर्षभर तिच्यावर, आणि खरी करणारी तिच्या शेजारच्या बाकावर बसून सहानुभूती मिळवते आहे. छळ करणारीलाही अन्यायाची खरी तक्रार असू शकते, हे लिहायला अवघड आहे, म्हणूनच लिहावं. मात्र तिने केलेलं त्यामुळे पुसलं जात नाही. वैदेहीला शेवटी सानिका किंवा रेणुका यांच्यापैकी कोणालाही माफ करायला लावू नका. तिला स्वतःचं एक प्रकरण द्या, तिच्या आवाजात, आणि तिला वाटेल ते बोलू द्या.

कायदा आणि पोलीस किती खरे दाखवायचे?

जेवढं दाखवाल तेवढं अचूक. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा १९९९पासून आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर प्रमुखालाच गुन्ह्याला साथ दिल्याचं धरतात. या कायद्याच्या व्याख्येत वसतिगृहं आणि शिकवणी वर्गही येतात. ‘हे कॉलेज नाही, क्लास आहे’ असं म्हणणारा संचालक चुकीचं बोलतोय, आणि हे ज्या पात्राला ठाऊक आहे तिच्या हातात एक प्रसंग आपोआप येतो. सात दिवसांची मुदत तर तयार घड्याळच आहे.

यूजीसीचे २००९चे नियम, हमीपत्रं, रॅगिंगविरोधी पथक हे सगळं उच्च शिक्षणासाठी आहे. अकरावीच्या कथेत ते घालू नका.

१८ वर्षांखालच्या मुलीला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. तिला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं आणि तिच्याशी बोलणारे पोलीस साध्या कपड्यांत असतात. म्हणजे सायरन, वर्दी आणि कोठडीतली रात्र हा लाडका प्रसंग गेला. त्याऐवजी रेक्टरच्या खोलीत साडीतल्या पोलीस बाई शांतपणे पाणी पुढे करून प्रश्न विचारतायत, हा प्रसंग लिहून बघा. जास्त घाबरवतो.

डिजिटल पुराव्यासाठी १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. न्यायालयात तो सादर करताना सोबत प्रमाणपत्र लागतं. नुसता स्क्रीनशॉट दाखवून कोणी शिक्षा देत नाही.

कथेत अल्पवयीन मुलीचं लैंगिक चित्रीकरण आणणार असाल तर पॉक्सो कायदा येतो. त्यात माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, संस्थाप्रमुखासाठी शिक्षा जास्त. असं चित्रीकरण पानावर वर्णन करू नका. ते आहे, एवढंच पात्रांच्या वागण्यातून कळू द्या.

शिक्षक आणि पालकांना काहीच कसं दिसत नाही?

दिसतं. पण प्रत्येकाकडे न बघण्याचं कारण असतं, ते लिहा. रेक्टरला जागा भरलेल्या हव्यात. सरांना निकाल हवा. आईला वाटतं, परत आणली तर भरलेली फी बुडेल. मोठ्यांना मूर्ख केलं की गोष्ट पोरकट होते.

जातीचा उल्लेख टाळावा का?

टाळलात तर महाराष्ट्रातल्या वर्गाचं अर्धं चित्र गेलं. आडनाव विचारून झाल्यावर ‘म्हणजे कोण?’ हा दुसरा प्रश्न, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला कोण थांबणार हे भर वर्गात नावं घेऊन सांगणं, मार्क चांगले पडल्यावर ‘तुला काय टेन्शन’ असं म्हणणं: छळ इथे रोज होतो. मात्र जात नुसती रहस्याचा धक्का म्हणून वापरू नका. आणि त्या समाजातल्या किमान दोन वाचकांना हस्तलिखित द्या, दुरुस्त्या मान्य करायच्या तयारीने.

आत्महत्येचा विषय आला तर?

पद्धत, जागा, साधन, चिठ्ठीचा मजकूर यातलं काही लिहू नका. आत्महत्येला सुडाचा मार्ग किंवा ‘आता सगळ्यांना कळेल’ असा विजय करू नका. वाचणारी मुलगी कदाचित त्याच अवस्थेत आहे, हे प्रत्येक ओळीला लक्षात ठेवा. मदत मागितल्यावर कोणीतरी खरंच ऐकून घेतं असा एक तरी प्रसंग असावा. पुस्तकात मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे मदतीचे क्रमांक छापा, शेवटच्या पानावर नव्हे, पुढे, जिथे दिसतील तिथे.

क्लोरोफॉर्मचा रुमाल, डोक्यात फटका?

दोन्ही काढून टाका. रुमालाने माणूस क्षणात बेशुद्ध होत नाही, सलग काही मिनिटं लागतात. डोक्यात फटका बसून तासभर बेशुद्ध असलेली व्यक्ती उठून पळत नाही, तिला मेंदूला गंभीर इजा झालेली असते.

संवादांची भाषा कशी ठेवावी?

निवेदनात प्रमाण मराठी आणि संवादात गावंढळ बोली, ती फक्त गरीब पात्रांना, ही चाल सोडून द्या. लातूरच्या वसतिगृहात नांदेड, बीड, परभणी, सोलापूर इथल्या मुली एका खोलीत असतात आणि तीन महिन्यांत एकमेकींचे शब्द उचलतात. नागपूरचं ‘अबे’ आणि कोल्हापूरचं ‘भावा’ प्रत्येक गावात चिकटवू नका. मोबाइलमधली भाषा लवकर शिळी होते, म्हणून चॅट थोडकं ठेवा, एका वेळी सहा ओळींच्या वर नको.

लांबी आणि वेळापत्रक?

४३ ते ५४ हजार शब्द पुरेत. ३६ प्रकरणं, प्रत्येकी १,२०० ते १,५०० शब्द. पहिला निनावी मेसेज दुसऱ्या प्रकरणाअखेर, पहिला चुकीचा निष्कर्ष नवव्याच्या आसपास, मोठी उलथापालथ अठराव्यात, निवेदकाचं सत्य तिसाव्यात. उरलेली सहा प्रकरणं परिणामांसाठी. बहुतेक हस्तलिखितांत इथे एकच प्रकरण उरलेलं असतं, आणि म्हणून शेवट घाईचा वाटतो.

कथेला खरं वर्ष द्या आणि कॅलेंडर समोर ठेवून लिहा. नीट अलीकडे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली: २०२३मध्ये ७ मे, २०२४मध्ये ५ मे, २०२५मध्ये ४ मे. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. सुडाची प्रत्येक पायरी या तारखांच्या जवळ आणलीत की वेगळं संकट शोधावं लागत नाही.

मध्यावर येऊन गोष्ट अडकते. का?

बहुतेक वेळा पात्रं नुसती एकमेकींना प्रश्न विचारत फिरतात म्हणून. एक मोठा कागद घ्या, उभे रकाने पाच संशयितांचे, आडव्या ओळी प्रकरणांच्या. त्या प्रकरणात पानावर नसलेली मुलगी काय करत होती ते प्रत्येक चौकोनात लिहा. सलग तीन चौकोन रिकामे दिसले तर ती मुलगी गोष्टीत नाही, नुसती यादीत आहे. तिला काहीतरी लपवायला द्या किंवा काढून टाका.

हस्तलिखित प्रकाशकाकडे द्यायच्या आधी काय तपासावं?

एकदा फक्त तारखा वाचा, वाराशी जुळतात का. एकदा फक्त फोन: कोणाकडे होता, चार्ज होता का, ठेवायची परवानगी होती का. एकदा निवेदकाची वाक्यं, शेवट माहीत असल्याप्रमाणे. मग १५-१६ वर्षांच्या तीन मुलांना वाचायला द्या. ‘आवडलं का’ विचारू नका, विसाव्या प्रकरणाशी थांबवून ‘कोणी केलं असेल’ एवढंच कागदावर लिहून मागा. तिघांनी एकच बरोबर नाव लिहिलं तर एक धागा पुसट करा. तिघांपैकी एकाच्याही मनात ते नाव आलं नाही, तर मेसच्या मावशींचं ते वाक्य थोडं पुढे आणा.